उद्या पोलीस ठाण्यात बोलावलंय, भावाला पाठवू की नको?

पत्र असं आहे: "ताई, आम्ही नागपूरला मानेवाड्याला राहतो. लहान भाऊ २२ वर्षांचा, बी.कॉम. झाला, मोबाईलच्या दुकानात कामाला आहे. सात-आठ महिन्याआधी त्याच्या मित्राने त्याच्या नावाने बँकेत खातं उघडून घेतलं, एटीएम कार्ड आणि सिम स्वतःजवळ ठेवलं आणि याला पाच हजार दिले. आता ते खातं गोठवलंय आणि काल ठाण्यातून फोन आला की परवा ११ वाजता ये, दोन मिनिटाचं काम आहे. बाबा ६६ वर्षांचे, बीपीची गोळी सुरू, रात्रभर झोपले नाहीत. मामा म्हणून राहिले की पोट्ट्याला महिनाभर छिंदवाड्याला पाठवून द्या, शेजारचे काका म्हणतात सगळं कबूल करून पाय धरावे, सोडून देतील. भाऊ चॅट डिलीट करतो म्हणतो. त्याला मारतील का, अटक करतील का, आणि मला बोलावलं तर मी जाऊ का? – एक बहीण"

ताई, तुमचं पत्र आज सकाळी वाचलं आणि परवा म्हणजे आता उद्याच, म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुम्हालाच लिहून राहिले. पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, भावाचा फोन आत्ता त्याच्या हातातून काढून घ्या आणि ते चॅट तसंच राहू द्या, एक अक्षरही उडवायचं नाही. त्याला वाटतंय त्यात तो अडकेल, पण कार्ड आणि सिम मित्राने नेलं, पैसे कोणी दिले, काय सांगून खातं उघडलं हे सगळं त्याच चॅटमध्ये आहे ना, त्याच्या बाजूने बोलणारी तेवढी एकच वस्तू आहे आणि ती तो स्वतः पुसायला निघालाय. शिवाय पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत कलम २३८ त्यासाठीच आहे. चॅट राहू द्या, वकिलाला दाखवा.

छिंदवाड्याचं तर डोक्यातूनच काढून टाका. मामा प्रेमापोटी बोलले असतील, पण आज जो मुलगा फक्त चौकशीसाठी बोलावलेला आहे तो पळाला की उद्या कागदावर फरार होतो, आणि फरार माणसाला जामीन देताना कोर्ट दहा वेळा विचार करतं. पळाला नाही, बोलावलं तेव्हा आला, ही गोष्ट पुढे वकिलाला छातीठोकपणे सांगता आली पाहिजे.

आता फोनचं. आधी तो फोन खरंच ठाण्यातून होता का ते पाहा, कारण आजकाल पोलिसाचं नाव सांगून पैसे उकळणारे खूप झालेत आणि व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अरेस्ट" वगैरे कायद्यात काहीच नसतं. घरातलं कोणी मोठं माणूस आज संध्याकाळी ठाण्यात जाऊन, नाहीतर ठाण्याच्या लँडलाइनवर, कोणत्या साहेबांनी बोलावलं, गुन्हा नंबर काय आणि गुन्हा कुठल्या ठाण्याचा हे विचारून या. हे शेवटचं विसरू नका, कारण खातं गोठवण्याची तक्रार बऱ्याचदा दुसऱ्याच राज्यातली असते. तिकडचे पोलीस भावाला न्यायला आले तर साधारण आधी नागपूरच्या मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे दुसऱ्या राज्यात न्यायची परवानगी घेतात, परस्पर गाडीत बसवून नेऊन राहिले असं दिसलं तर लगेच वकिलाला फोन करा. एफआयआर झाला असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर तो पाहायला मिळतो, नाजूक गुन्हे सोडून, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच सांगितलंय की एफआयआर २४ तासात वेबसाइटवर टाका. भावाचं नाव त्यात आरोपी म्हणून आहे की नुसता खात्याचा उल्लेख आहे, तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

फोन म्हणजे नोटीस नाही. तपास अधिकाऱ्याला सरळ म्हणायचं, साहेब आम्ही येतोच आहे, फक्त लेखी नोटीस द्या. नोटीस दोन प्रकारची असते आणि बहुतेक लोक ती न वाचताच खिशात टाकतात. कलम १७९ ची असेल तर भावाला साक्षीदार म्हणून बोलावलंय. कलम ३५(३) ची असेल तर त्याच्यावर संशय आहे पण आत्ता अटकेची गरज वाटत नाही, असा तिचा अर्थ. ही कलमं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची, १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी तीच चालते, जुने लोक अजून "४१ अ ची नोटीस" म्हणतात ती हीच. ३५(३) ची नोटीस आली म्हणून रडू नका. उलट ती हातात असलेली बरी, कारण नोटिशीप्रमाणे जो हजर राहतो त्याला अटक करायची तर अधिकाऱ्याला कारण लिहून ठेवावं लागतं. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय. पण म्हणून व्हॉट्सअॅपवर आली तर जाऊच नका असं मी सांगणार नाही, जा आणि तिथे कागदावरची मागा.

अटक करतील का, याचं खरं उत्तर असं की फसवणुकीचं कलम, म्हणजे न्याय संहितेचं ३१८(४), त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, आधी अटक का हवी ते लिहा, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावलेलं आहे. नुसता गुन्हा दाखल झाला म्हणून अटक, असं होत नाही. पण मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही, भावाने खातं भाड्याने दिल्यासारखंच केलं आणि त्या खात्यातून कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईबापाचे पैसे गेले असतील. अशा केसमध्ये कधी टोळीचं कलमही लावतात आणि मग सात वर्षांचा हिशोब राहत नाही. म्हणून आजच वकील गाठा, एफआयआर पाहून त्यांना अटकेची शक्यता वाटली तर ते सेशन्स कोर्टात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकतील. पैसे नसतील तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे जा, नाहीतर १५१०० वर फोन करा. बायकांना आणि कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, त्यात कमाई पाहत नाहीत, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. रिमांडच्या वेळी जे सरकारी खर्चाचे वकील उभे राहतात त्यांना आपल्याकडे "लोक अभिरक्षक" म्हणतात, त्यांना कमी समजू नका.

आता ठाण्यात काय बोलायचं. शेजारच्या काकांचा सल्ला ऐकू नका, कृपा करून. राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःच्याच विरुद्ध साक्ष द्यायला कोणी भाग पाडू शकत नाही, आणि १९७८ च्या नंदिनी सत्पथी निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे संरक्षण कोर्टात उभं राहिल्यावर नाही तर पोलीस चौकशीतच सुरू होतं. याचा अर्थ भावाने तोंडाला कुलूप लावून बसावं असा नाही. नाव, पत्ता, कुठे काम करतो हे नीट सांगायचं, आवाज चढवायचा नाही, खोटं तर बिलकुल सांगायचं नाही, एक खोटं झाकायला दहा लागतात आणि समोरच्या माणसाची नोकरीच खोटं पकडण्यात गेलेली असते. पण ज्या प्रश्नाच्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकतो असं वाटलं तिथे एवढंच म्हणायचं, "साहेब, याचं उत्तर मी वकिलाशी बोलून देतो." हे वाक्य आज रात्री त्याच्याकडून चार वेळा म्हणून घ्या, कारण तिथे टेबलासमोर बसल्यावर भल्याभल्यांना आठवत नाही. अटक झाली तर चौकशी सुरू असताना वकिलाला भेटायचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे, पूर्ण वेळ वकील शेजारी बसू देत नाहीत पण भेट नाकारता येत नाही.

आणि सही. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही लागत नाही, त्याच संहितेचं कलम १८१ तेच सांगतं. कोऱ्या कागदावर तर मरेपर्यंत सही करायची नाही. अटक मेमो, जप्तीचा पंचनामा यावर सही असते, ती पूर्ण वाचून करायची आणि सहीखाली आपल्या हाताने तारीख आणि वेळ टाकायची. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा धरत नाहीत, साक्ष्य अधिनियमाचं कलम २३, पण त्यातच एक अपवाद आहे, भावाने सांगितल्यावरून एखादी वस्तू निघाली, समजा दुसरं एटीएम कार्ड कपाटातून निघालं, तर तेवढा भाग पुराव्यात जातो. काकांना हे माहीत नसणार, म्हणून म्हणते, पाय धरून सगळं ओकून टाकणं हा सल्ला धोक्याचा आहे.

इथे मला माझ्या घरचं सांगावंसं वाटते. मी लॉ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा माझ्या मावसभावाला डीबीवाले, म्हणजे ठाण्यातले गुन्हे शोधणारे पोलीस, घेऊन गेले, गल्लीतल्या चोरीचा संशय होता. कुठलं ठाणं ते सोडा. दुपारी नेला, आम्ही ठाण्याबाहेरच्या बाकावर बसलो, आतून उत्तर यायचं की अटक नाही, फक्त विचारपूस सुरू आहे. मला कलमं पाठ होती, सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालातल्या, अटक कशी करायची त्याच्या अकराच्या अकरा सूचना मी परीक्षेत लिहून आले होते, आणि तिथे मी नुसती रडत बसले. माझी मावशी चौथी शिकलेली. तिने डब्याच्या पिशवीतून किराणाचं बिल काढलं आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं, "४.२० ला नेला. ठिगळाचा शर्ट. कानात बाळी. लागलेलं नाही." मग दर तासाला कोणी आलं, कोणी काय म्हटलं, ते त्याच बिलावर लिहित गेली. रात्री उशिरा अटक मेमो तयार झाला आणि त्यावर अटकेची वेळ होती रात्री १०. म्हणजे जवळपास पावणेसहा तास कागदावर नव्हतेच. दुसऱ्या दिवशी कोर्टात आमच्या वकिलांनी ते बिल पुढे केलं, मॅजिस्ट्रेट मॅडमनी मावशीला पुढे बोलावून विचारलं, मग तपास अधिकाऱ्याला विचारलं, आणि पीसीआर न देता एमसीआर दिला, म्हणजे पोलीस कोठडी नाही तर जेल, आणि पुढच्या आठवड्यात जामीन झाला.

हे बिल मी अजून विसरले नाही, आणि तुम्हाला सगळ्यात जास्त जीव तोडून सांगायचं ते हेच, वेळ लिहा. घटनेच्या कलम २२ आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५८ प्रमाणे अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, सुट्टी असो की दिवाळी. आणि मुंबई हायकोर्टाने १९९० मध्येच सांगून ठेवलंय की अटक कागदावर कधी लिहिली त्यावर नाही, माणसाला कधीपासून जाऊ दिलं नाही त्यावर ठरते. पण "कधीपासून" हे सांगणार कोण? पोलिसांची स्टेशन डायरी त्यांच्याजवळ असते. तुमच्याजवळ तुमची वही पाहिजे. आता तर सोपं आहे, ठाण्यासमोरच्या टपरीवर चहाचे पैसे फोनने दिले तरी वेळ नोंदते, आणि ठाण्यात कॅमेरे लावायचा आदेश सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये दिलेला आहे, तेव्हा वेळेवरून वाद झाला तर त्या तासाचं फुटेज जपून ठेवा असा अर्ज वकील लगेच देऊ शकतात.

माझ्या मावसभावाचं एक मात्र राहून गेलं. त्याला कानाखाली मारलेलं होतं, कान वाजत होता. कोर्टात न्यायच्या आधी मेडिकलला नेलं, डॉक्टरने विचारलं काही मार आहे का, मागे हवालदार उभा, हा म्हणाला नाही. मग मॅजिस्ट्रेट मॅडमनी विचारलं पोलिसांविरुद्ध काही तक्रार? पुन्हा मागे पाहून म्हणाला नाही. जामिनावर आल्यावर कळलं पडद्याला भोक पडलंय, वर्षभर उपचार चालले, पण दोन ठिकाणी कागदावर "तक्रार नाही" लिहिलेलं, पुढे काहीच करता आलं नाही. म्हणून भावाला आजच बजावून ठेवा की डॉक्टरांनी आणि मॅजिस्ट्रेटनी विचारलं तर जे झालं ते तिथेच सांगायचं, कुठे लागलं, कोणी मारलं, नाव माहीत नसेल तर कसा दिसत होता. कबुलीसाठी मारहाण करणाऱ्या पोलिसाला न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, गंभीर दुखापत असेल तर दहा. अटकेनंतरच्या तपासणीच्या रिपोर्टची कॉपी अटक झालेल्या माणसाला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळते, ती मागून घ्या. सगळे पोलीस मारतात असं मी म्हणत नाही, माझ्या ओळखीत फार सज्जन अधिकारी आहेत, पण धीर देताना हे लपवलं तर मी तुमची गुन्हेगार होईन.

अटक झालीच तर अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव वाचता आलं पाहिजे. अटक मेमोवर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही असते, भावाची पण. कुणाला कळवायचं ते नाव भावाने सांगायचं असतं, तिथे तुमचं नाव आणि नंबर द्यायला सांगा, बाबांचा नाही, रात्री दोन वाजता तो फोन त्यांनी उचलू नये. आणि अटकेची कारणं. हे नवीन आहे आणि बऱ्याच लोकांपर्यंत पोचलेलं नाही. ६ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने, आपल्याच महाराष्ट्रातल्या, वरळीच्या हिट अँड रनच्या केसमध्ये सांगितलं की कोणताही गुन्हा असो, अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत द्या, त्याच क्षणी शक्य नसेल तर तोंडी सांगा पण रिमांडसाठी उभं करायच्या निदान दोन तास आधी कागद हातात पाहिजे, नाहीतर अटकच बेकायदेशीर. तुमच्या भावाला मराठीत मिळाला पाहिजे. वकिलाला पहिला प्रश्न हाच करा, कारणांचा कागद मिळाला का आणि किती वाजता मिळाला.

तुमच्याबद्दल. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, १५ वर्षांखालच्या मुलाला आणि ६० वर्षांवरच्या माणसालाही नाही, घरी येऊन घ्यावा लागतो, तेच कलम १७९. म्हणजे तुम्ही आणि बाबा दोघंही "घरी या साहेब, आम्ही सहकार्य करतो" असं म्हणू शकता, स्वतःहून जायचं तर जाता येतं पण जबरदस्ती नाही. आणि बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नसते, अगदी अपवाद म्हणून करायचीच तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही लागतं.

फोन जप्त केला तर पंचनामा आणि पावती घ्या, आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, त्यात आहे ना पाहा, आता झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ सांगतं. पासवर्ड द्यायचा की नाही हे भावाने एकट्याने ठरवू नये, त्यावर कोर्टांची मतं वेगवेगळी आहेत, तिथेही तेच वाक्य, वकिलाशी बोलून सांगतो. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना हे मात्र २०(३) मध्ये येत नाही, सुप्रीम कोर्टाच्या १९६१ च्या निकालापासून तसंच आहे, त्यावर भांडत बसू नका. नार्को किंवा लाय डिटेक्टर त्याच्या मर्जीशिवाय करता येत नाही, २०१० चा सेल्वी निकाल.

उद्या भावाला दहाला जेवू घालून निघा, उपाशी पाठवू नका, डोकं चालत नाही. खिशात आधारची झेरॉक्स आणि वकिलाचा नंबर कागदावर लिहून द्या, फोन काढून घेतला तर पाठ असलेला नंबर एकही नसतो हल्लीच्या पोट्ट्यांना. फोन न्यायचाच, पण त्या चॅटचे स्क्रीनशॉट आज रात्री वकिलाला पाठवून ठेवा. मामांना छिंदवाड्याचं तिकीट काढण्याऐवजी ठाण्यात सोबत यायला सांगा, वकील आणि एक घरचं माणूस पुरे, दहा जणांचा घोळका नेऊन दबाव आणायचा नाही, नगरसेवकाचा फोन पण नको, त्याने तपास अधिकारी उगाच चिडतो. मामा बाहेर बसतील, त्यांच्या हातात वही आणि पेन द्या, आत गेला ती वेळ पहिल्या ओळीवर. आणि नोटीस हातात पडली की ती १७९ ची आहे की ३५(३) ची ते वाचून मला दुपारीच कळवा, मी फोनजवळ आहे.